आधी हंडा, मग मोटार

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत मला पाण्यावर बोलायला सांगितलं आहे. आपल्याकडे पाण्याचा विषय निघाला की धरण निघतं, पाट निघतो, पाळी का चुकली ते निघतं, रात्रीची वीज निघते. त्यावर बोलणारे माझ्यापेक्षा जाणकार इथं बसलेत. मी बोलणार आहे ते घरातल्या पाण्याबद्दल. रांजणातल्या, न्हाणीतल्या, गोठ्यातल्या. हा बायकांचा विषय म्हणून मागच्या रांगेतले काहीजण तंबाखू मळायला उठायच्या बेतात दिसतात. उठू नका. ह्या विषयातला आरोपी बहुतेक वेळा मागच्या रांगेतच बसलेला असतो, आणि त्यातला एक आज माइकसमोर उभा आहे.

माझीच हकीकत सांगतो. आमच्या गावाची पिण्याची विहीर ओढ्याच्या काठाला आहे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या वडिलांच्या पिढीनं ती खोदली. चाळीस फूट खोल, दगडी बांधकाम. पुढं त्याच विहिरीवर नळयोजना झाली, टाकी उभी राहिली. माझं रान त्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. २०१५ साली पावसानं दगा दिला, रानात दोन एकर ऊस उभा होता, विहीर आटत आली. मी बोअर घेतलं. साडेचारशे फूट. दोनशे फुटांपर्यंत धुरळा, पुढं थोडी ओल, आणि चारशेच्या खाली पाणी. गाडीवाल्यानं नारळ मागितला, मी पेढे वाटले. त्या दिवसापासून रात्रीची वीज आली की मोटार चालू, सकाळी वीज गेली की बंद. ऊस हिरवागार राहिला.

फेब्रुवारीत गावाच्या विहिरीनं तळ दाखवला. मार्चात टँकर सुरू झाला. सगळे म्हणाले, दुष्काळ आहे. मीही म्हणालो, दुष्काळ आहे. एप्रिलात माझी थोरली वहिनी टँकरच्या गर्दीत नळी धरायला चढली, पाय घसरला, मनगट मोडलं. दवाखान्यातून परत येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, तुमच्या उसाला पाणी आहे ना अजून?" टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही. आज नऊ-दहा वर्षांनी देतो आहे.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण आपण कायद्याला नावं ठेवतो पण वाचत नाही. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत दुसरी विहीर घ्यायची नाही, हे महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्यानं सांगितलं. पुढं २००९ चा भूजल कायदा आला, तो अंमलात आला २०१४ साली. शेतीसाठी किंवा कारखान्यासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल जायचं नाही, असं त्यात आहे. माझं बोअर दोन्ही हिशेबानं बसत नव्हतं. मला कुणी अडवलं नाही. बोअरची गाडी रात्री अकराला आली, पहाटे पाचला गेली. त्या वेळात कुठला सरकारी माणूस जागा असतो? पण मला माहीत नव्हतं असं म्हणालो तर ते खोटं होईल. थोडं माहीत होतं. जास्त माहीत करून घ्यायचं नव्हतं.

सरकारी बंधनं आपल्याला आवडत नाहीत, मलाही आवडत नाहीत. पण कायदा बाजूला ठेवा आणि खडकाकडे बघा. खडकाला लाच देता येत नाही. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, थरावर थर रचलेला. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला, कुजलेला खडक. पावसाचं पाणी मुख्यतः ह्या वरच्या साठ-सत्तर फुटांत साठतं. त्याखाली घट्ट पाषाण, त्यात कुठं कुठं फटी. त्या फटीतलं पाणी म्हणजे पाताळगंगा नव्हे, ती आजोबांनी पुरून ठेवलेली मोहर आहे. एकदा काढली की पावसाळ्यात ती जागा लगेच भरत नाही. आणि काही ठिकाणी आणखी वाईट होतं. वरच्या थरातलं पाणी बोअरच्या भोकातून खाली उतरतं आणि शेजारची उथळ विहीर कोरडी पडते. आपण विहीर आटली म्हणून बोअर घेतो, आणि बोअर घेतलं म्हणून विहीर आटते. खोल पाण्याची दुसरी गोष्ट फ्लोराइडची. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर ह्या जिल्ह्यांतल्या काही गावांत पोरांचे दात पिवळे-तपकिरी झाले, मोठ्यांची हाडं धरली, ती असल्या पाण्यानं. ते पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ असतं.

लातूरची आठवण काढल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. स्टेशनवर फुलं, फोटो, भाषणं. आता गणित मांडा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. पाच लाख लिटर त्यांना वाटले तर माणशी सव्वा-दीड लिटर. एक तांब्या. आणि तेच पाच लाख लिटर एका एकरात सोडले तर साधारण पाच इंच पाणी उभं राहतं. पाटपाण्यानं ऊस भिजवणाऱ्यानं छातीला हात लावून सांगावं, एका एकराला पाच इंच किती दिवस पुरतं? तीनशेहून जास्त किलोमीटर ओढून आणलेली गाडी माझ्या एका एकरानं दीड-दोन पाळ्यांत पिऊन टाकली असती. पुढं गाड्या वाढल्या, वाघिणी पन्नास झाल्या, हे खरं. पण माझ्या डोक्यातून ती पहिली गाडी जात नाही.

इथं कुणीतरी म्हणेल, म्हणजे पुन्हा ऊसवाल्यालाच शिव्या. नाही. शेतकरी ऊस का लावतो? कारखान्याला ऊस गेला की ठरलेला दर मिळायची काहीतरी शाश्वती आहे. तूर, ज्वारी, सोयाबीनच्या वाट्याला हमीभावाचा कागद येतो आणि बाजारात वेगळाच आकडा. ज्याला पाणी कमी लागतं त्या पिकाला भाव नाही, मग शेतकरी पाण्याच्या पिकाकडे पळणार. हे भांडण आपण भांडतो आहोत, भांडत राहू. पण त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत वहिनीनं टँकरवर चढायचं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता घरात येऊ. नळयोजना आखली तेव्हा आमच्या गावात चारेकशे उंबरे होते. नंतर हमरस्ता रुंद झाला, कॉलेज आलं, धाबे आले, प्लॉट पडले. आज हजाराच्या आसपास उंबरे आहेत आणि विहीर तीच. योजनेत माणशी ४० लिटर धरलं होतं. २०१९ पासून जल जीवन मिशनमध्ये ५५ लिटर धरतात. आकडा वाढला, नवा नळ आला, तोटी आली, भिंतीवर रंग आला. पण त्या ५५ लिटरमध्ये जनावर धरलेलं नाही. हा हिशेब करणाऱ्याच्या घरी म्हैस नसावी. उन्हाळ्यात दुभती म्हैस पन्नास-साठ लिटर सहज पिते, धुण्याचं वेगळंच. म्हणून ज्याच्या दारात चार जनावरं, त्याच्याकडं ५५ लिटर माणसाला पोचतच नाहीत.

आमच्या घरात नक्की लागतं किती, हे आम्हाला तरी कुठं माहीत होतं? सूनबाईनं एक आठवडा मोजलं. न्हाणीच्या भिंतीवर खडूनं रेघा, बादलीमागे एक रेघ. आम्ही सहा माणसं. पिणं आणि स्वयंपाक ४५ लिटर. आंघोळी १२०. धुणं १००. भांडी ५०. संडास ९०. बेरीज ४०५, म्हणजे माणशी साडेसदुसष्ट. मला वाटत होतं, जास्त पाणी बायका धुण्याभांड्याला वापरतात. मोजल्यावर कळलं की संडासाची बादली भांड्यांच्या जवळजवळ दुप्पट निघते, आणि ती बादली मोठ्या तोऱ्यात ओतणारे आम्ही पुरुष. शहरातल्यासारखं सपाट भांडं बसवलं की एवढं ओतावंच लागतं. ग्रामीण संडासासाठी जास्त उताराचं भांडं मिळतं, त्याला दीड-दोन लिटर पुरतं. ते स्वस्तही असतं. पण बांधताना मिस्त्रीनं विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, "भारीतलं बसव."

भांडं आता उखडवत नाही. सूनबाईनं एवढंच केलं की कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी ड्रममध्ये धरायचं आणि तेच संडासाला वापरायचं. भांडी वाहत्या नळाखाली न घासता दोन टपांत, एकात घासून दुसऱ्यात विसळायची. ९० लिटर ताजं पाणी वाचलं, भांड्यांचे ५० चे ३० झाले. बेरीज २९५ वर आली, माणशी पन्नासच्या आत. कुणाची आंघोळ कमी केली नाही, कुणाला तहानेलं ठेवलं नाही. जे सांडपाणी उरतं ते परसातल्या शोषखड्ड्यात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे करून गटारं बंद केली, डास गेले, हे तुमच्यापैकी काहींनी जाऊन पाहिलं असेल. नसेल तर एक मुक्काम तिकडं करा. एक सावधगिरी मात्र ठेवा, शोषखड्डा आणि संडासाचा खड्डा पिण्याच्या विहिरीला लागून नको; निदान पंधरा मीटर लांब, आणि शक्यतो विहिरीच्या खालच्या अंगाला.

आता छपराकडे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. शाळेतलं पोरही हे गणित करतं, आपण कधी केलं नाही. पाचशे चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे ४६ चौरस मीटर. दुष्काळातला पाऊस धरा, वर्षाला ४०० मिलिमीटर. १८,४०० लिटर झाले. उडालेलं, सांडलेलं, पहिल्या सरींचं सोडून दिलेलं असं पाचवा हिस्सा वजा करा, तरी साडेचौदा हजार लिटर उरतात. आमच्या सहा माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ४५ लिटर. उन्हाळ्याचे १२० दिवस धरले तर लागतात ५,४०० लिटर. म्हणजे दुष्काळी वर्षातसुद्धा आपल्याच डोक्यावर उन्हाळ्याच्या गरजेच्या अडीचपट पाणी पडतं आणि पन्हाळीतून गटारात जातं.

साठवायला किती मोठा हौद लागतो? सहा फूट लांब, सहा फूट रुंद, साडेपाच फूट खोल. बस. बुलेट ठेवायला आपण याहून मोठी शेड घालतो. आमच्याकडं हौदाचं काम २०२१ साली केलं. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडायचं, कारण छपरावरची धूळ, पक्ष्यांची घाण त्यात असते. त्यासाठी पाइपला एक बूच ठेवलं आहे. मग खडी, वाळू, कोळसा यांची गाळणी. मग हौद. हौदाला घट्ट झाकण, हवेच्या नळीला जाळी. उजेड गेला की शेवाळ धरतं आणि जाळी फाटली की डास. डेंग्यूचा डास घाण पाण्याला जात नाही, तुमच्या स्वच्छ पाण्यालाच येतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून अंगणातले रांजण आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावेत, आणि हौदाची जाळी दर महिन्याला बघावी. टीसीएल पावडर हजार लिटरला पाच ग्रॅम. पावडरचं पोतं तोंड उघडं ठेवून वर्षभर कोपऱ्यात पडलं असेल तर त्यात दम राहत नाही. तो चुना झाला. ग्रामपंचायतीत कधी गेलात तर ते पोतंही बघून या.

जास्तीचं छपराचं पाणी गाळून जुन्या आडात सोडतो. गावातले आड आपण कचऱ्यानं भरून टाकले, तो एक वेगळाच मूर्खपणा झाला.

चेन्नईचं उदाहरण इथं देतो, कारण कुणीतरी म्हणेलच की सरकारनं सक्ती करावी. तमिळनाडूनं २००३ साली घरोघर पावसाचं पाणी धरायची सक्ती केली. नळ्या बसल्या. सुरुवातीला उपयोगही झाला. पण जुलै २०१९ मध्ये त्याच चेन्नईला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. आधीच्या वर्षी पाऊस कमी झाला, तलाव आटले, हे आहेच. पण सक्तीनं नळी बसते, गाळणी दरवर्षी कुणी धुवायची हे सक्तीनं ठरत नाही. ज्याच्या घरात हंडा भरायचा आहे तोच गाळणी धुतो. म्हणून हौदाचा निर्णय आमच्या घरात मी घेतला नाही, सासू-सुनेनं घेतला. मी फक्त उसाच्या बिलातले पैसे दिले. तेही सुखासुखी दिले नाहीत.

पैशाची गोष्ट निघालीच आहे. आमच्या गावात २० लिटरचा जार २० रुपयांना येतो. म्हणजे लिटरला रुपया. रोज दोन जार, उन्हाळ्याचे १२० दिवस, ४,८०० रुपये झाले. हे आपण मुकाट्यानं देतो. ग्रामपंचायतीनं पाणीपट्टी वाढवायचं नाव काढलं की ग्रामसभेत खुर्च्या उडतात. मग पट्टी थकते, पंचायतीचं वीजबिल थकतं, विहिरीवरची जोडणी कापली जाते, आणि दुसऱ्या दिवशी जारची गाडी दोन फेऱ्या जास्त मारते. फुकट पाणी हे सगळ्यात महाग पाणी आहे, हे मी जारवाल्याकडून शिकलो. आमच्याकडं आता घरटी मीटरची बोलणी चालू आहेत. माझं मत असं की पहिले काही हजार लिटर अगदी स्वस्त ठेवावेत, आणि त्यापुढं जो बाग भिजवतो, गाडी धुतो, धाबा चालवतो, त्यानं चढ्या दरानं द्यावं. ह्यावर गावात भांडण आहे. असू दे.

एका गोष्टीवर मात्र भांडण नको. नळाला थेट मोटार लावायची नाही. पाणी सुटलं की वरच्या आळीतले अर्ध्या-एका हॉर्सच्या मोटारी चालू करतात. पाइपात जे येतं ते सगळं ओढून घेतात. टोकाला असलेल्या वस्तीत तोटीतून नुसती हवा येते. आणि आमच्या गावात, तुमच्याही गावात असेल, टोकाला कोण राहतं हे मी सांगायची गरज नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आज पाण्याला शिवू नको असं कुणी म्हणत नाही. मोटारीचं बटन दाबलं की काम होतं. माझ्याही घरी होती ती मोटार. बायकोनं काढायला लावली. तिचं कारण वेगळं होतं. पाइपात पाणी नसताना मोटार ओढते तेव्हा फुटक्या जोडातून गटारही आत येतं, आणि नातवाला दोनदा जुलाब झाले होते. कारण कुठलंही असो, मोटार निघाली. आठ दिवसांनी वस्तीतली एक म्हातारी भेटली, म्हणाली, "पाटील, दोन हंडे जास्त येतात आता." एका मोटारीचे दोन हंडे. आळीत अजून तीस मोटारी आहेत.

नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर म्हणायचं, हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे. पोपटराव पवारांच्या गावात पावसाळा संपला की किती पाणी साठलं त्याचा जमाखर्च ग्रामसभेत मांडतात. आधी माणसं, मग जनावरं, उरेल त्यात पिकं. शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही. पाऊस आपल्याहून कमी. तिथं बघायला जाणारे डोंगरावरचे चर बघतात, फोटो काढतात आणि परत येऊन जेसीबी लावतात. चर खणणं सोपं आहे. बोअर बंद ठेवणं अवघड.

आम्ही हिवरे बाजार झालो नाही, तसा आव आणणार नाही. आमच्याकडं एवढंच ठरलं की गावविहिरीच्या ५०० मीटरच्या आतल्या अकरा बोअरवाल्यांनी महाशिवरात्रीपासून पहिल्या मोठ्या पावसापर्यंत शेतीला मोटार चालवायची नाही. जनावरांच्या पाण्यापुरती चालवायची, तीही दिवसा, सगळ्यांदेखत. अकरांपैकी सात तयार झाले. दोघांनी वेळ मागितला. दोघे सरळ नाही म्हणाले. त्यातल्या एकाची डाळिंबाची बाग कर्जावर आहे, आणि त्याला मी काय तोंडानं सांगू? त्याच्या बागेला उन्हाळ्यात ठिबकपुरतं पाणी बाकीच्यांनी शेततळ्यातून द्यायचं का, ह्यावर बोलणं चालू आहे. मी दोन एकरातला दीड एकर ऊस मोडला. हरभरा आणि ज्वारी केली. पैसे कमी आले, हे लपवत नाही. पण मागच्या दोन उन्हाळ्यांत विहिरीत मे महिन्यातही कमरेएवढं पाणी होतं आणि टँकर आला नाही. पाऊसही बरा होता, तेव्हा श्रेय सगळं आम्ही घेत नाही. खरी परीक्षा दुष्काळ येईल तेव्हा.

माझ्या स्टार्टरच्या पेटीची किल्ली महाशिवरात्रीला मी वहिनीकडं देतो. तिचं मनगट अजून थंडीत दुखतं. जनावरांसाठी मोटार लावायची असली की मला तिच्या दारात जाऊन किल्ली मागावी लागते, आणि ती दर वेळी विचारते, "किती वेळ लावणार?"

जेवणानंतर गावागावाच्या बैठका आहेत. ज्यांचं बोअर गावविहिरीच्या ५०० मीटरच्या आत आहे त्यांनी डाव्या हाताच्या झाडाखाली बसावं. मी तिथंच आहे. बायकांनीही तिथं यावं, कारण मोजायला त्याच लागतील.